वंशाची सरासरी आणि आपली कंबर

कंबरेचा एमआरआय काढून आणला की त्याच्या अहवालात अलीकडे दोन शब्द हमखास आढळतात : ‘फॅसेट आर्थ्रोपथी’ आणि ‘लिस्थेसिस’. शब्द अपरिचित, म्हणून मुले-नातवंडे त्यांचा अर्थ शोधू लागतात. त्या शोधात त्यांना आणखी एक माहिती मिळते. जगातील निरनिराळ्या मानवसमूहांत मणक्यांची घडण आणि झीज यांचे प्रमाण सारखे नसते, ही ती माहिती. मग दवाखान्यात प्रश्न येतो, “डॉक्टर, आपल्या लोकांचे मणके मुळातच कमजोर असतात का?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यावर अभ्यासही पुष्कळ झाला आहे. त्या अभ्यासातून घरातल्या ज्येष्ठांसाठी काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, ते आज पाहू.

प्रथम रचना समजून घेऊ. कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूस एक चकती असते, जिला आपण बोलीत ‘गादी’ म्हणतो. मागच्या बाजूस, डावीकडे व उजवीकडे, दोन लहान सांधे असतात. हेच फॅसेट सांधे. दाराला बिजागरी असते तसे त्यांचे काम : वाकू द्यायचे, परंतु भलत्या दिशेला सरकू द्यायचे नाही. कमरेच्या वरच्या भागात या सांध्यांचे पृष्ठभाग बरेचसे पुढून मागे जाणाऱ्या दिशेत असतात. खाली जावे तसे ते आडवे होत जातात आणि वरच्या मणक्याला पुढे घसरण्यापासून अडवतात. ज्यांच्यात खालचे सांधेही पुढून मागे जाणाऱ्या दिशेतच राहतात, त्यांच्यात हा अडसर दुबळा असतो. उतारवयात चकतीची उंची कमी झाली, अस्थिबंध सैल झाले, की चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकतो. सांध्यांचा तो कोन जन्मापासून तसा असतो की झिजेमुळे तसा होतो, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.

आता समूहांतील फरक. १९५१च्या सुमारास अमेरिकेत रोश आणि रो या अभ्यासकांनी ४,२०० सांगाडे तपासले. मणक्याच्या मागच्या कमानीत चीर असणे, हा मणका सरकण्याचा दुसरा मार्ग. तो बहुधा तरुणपणीच सुरू होतो. ही चीर श्वेतवर्णीय पुरुषांत ६.४ टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत अवघी १.१ टक्के आढळली. यावरून कृष्णवर्णीय स्त्रियांचा कणा अधिक भक्कम, असे कुणी म्हणेल. परंतु १९७५ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, वयोमानाच्या झिजेने मणका सरकण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत श्वेतवर्णीय स्त्रियांच्या तिप्पट दिसले. एका विकारात जो समूह सर्वांत सुरक्षित, तोच दुसऱ्या विकारात पुढे! ‘भक्कम वंश’ आणि ‘कमजोर वंश’ अशी वाटणी येथेच कोसळते.

शिवाय फरक दिसला म्हणजे तो हाडात जन्मजातच आहे, असे ठरत नाही. अलास्कातील इन्युइट लोकांत कमानीची ही चीर इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळली होती. अनेकांना ते केवळ आनुवंशिक वाटले. परंतु १९५३ साली टी. डी. स्टुअर्ट यांनी सांगाड्यांचे वय लक्षात घेऊन मोजणी केली, तेव्हा वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते, असे दिसले. म्हणजे आनुवंशिकतेच्या जोडीला जगण्यातील श्रमांचाही त्यात हात असावा. आपल्याकडचे उदाहरण आहे भिल्ल समाजाचे. फार्नी आणि ट्रूमन यांनी १९६५ साली भारतातील भिल्लांच्या कमरेच्या क्ष-किरण चित्रांची तुलना उत्तर अमेरिका व उत्तर युरोपातील लोकांशी केली. भिल्लांत चकत्यांची झीज कमी आढळली. अभ्यासकांचे लक्ष गेले ते त्यांच्या उकिडवे बसण्याच्या सवयीकडे. एका अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही. पण वंश आणि राहणी यांची गुंतागुंत सोडवणे किती अवघड आहे, ते त्यावरून कळते.

आणि आनुवंशिकता? ती आहेच. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्यांचा अभ्यास झाला. दोघांची कामे व सवयी भिन्न असूनही त्यांच्या चकत्यांच्या झिजेत लक्षणीय साम्य होते. परंतु ही आनुवंशिकता कुटुंबाची आहे, राष्ट्राची किंवा वर्णाची नव्हे. मानवजातीतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच समूहातील माणसामाणसांत सापडतो, हे रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली दाखवून दिले आहे. म्हणून ‘आईला हाच त्रास होता का?’ हा प्रश्न ‘आपण कोणत्या वंशाचे?’ या प्रश्नापेक्षा डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो. लिंगभेदही मोठा आहे. कोपनहेगनच्या पाहणीत झिजेने मणका सरकल्याचे प्रमाण पुरुषांत २.७ टक्के, तर स्त्रियांत ८.४ टक्के होते. हाँगकाँगमधील ६५ वर्षांवरील व्यक्तींत मणका सरकल्याचे प्रमाण पुरुषांत १९.१ व स्त्रियांत २५ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांतील वयोगट आणि मोजण्याची रीत वेगळी असल्याने डेन्मार्क आणि चीन यांची तुलना या आकड्यांवरून करू नये. स्त्रियांचे प्रमाण दोन्हीकडे अधिक आहे, एवढेच घ्यावे.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ ज्ञानवर्धन नाही. बाहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे येतात. त्यांच्या अहवालात ‘ग्रेड वन लिस्थेसिस’ असे लिहिले होते. परदेशातील मुलाने कुठेतरी आशियाई लोकांच्या मणक्यांविषयी वाचले आणि फोनवर बजावले, “आई, आता घराबाहेर पडायचं नाही, वाकायचं नाही.” आईनेही ते शब्दशः पाळले. दीड वर्षात भजनी मंडळ सुटले, भाजी आणणे सुटले, मांड्यांचे स्नायू वाळले आणि एके दिवशी मोरीत तोल जाऊन मनगट मोडले. मणका मात्र नव्या चित्रातही होता तेथेच होता. या बाईंचे नुकसान मणक्याने केले नाही. मणक्याच्या धास्तीने केले.

अहवाल वाचताना म्हणूनच दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोणतीही कंबरदुखी नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या चित्रणांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ऐंशीच्या घरातील, काहीही न दुखणाऱ्या माणसांपैकी ९६ टक्क्यांत चकतीची झीज, ८३ टक्क्यांत फॅसेट सांध्यांची झीज आणि ५० टक्क्यांत सरकलेला मणका दिसू शकतो. केस पांढरे होण्यासारखेच हे. दुसरी गोष्ट जपानमधील वाकायामा पाहणीची. तेथे ९३८ नागरिकांच्या एमआरआयमध्ये सुमारे ३० टक्के लोकांत कण्याची नळी तीव्रपणे अरुंद झालेली दिसली. तरी त्या तीव्र गटातही लक्षणे होती ती फक्त १७.५ टक्के लोकांना. नळी ‘अरुंद’ ठरवण्याचे १० व १२ मिलिमीटरचे जुने मापही डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांच्या कामातून आलेले आहे. अंगकाठीने लहानखुऱ्या आजींना ते माप लावताना केवळ आकडा पाहून चालत नाही. पाय काय सांगतात ते विचारावे लागते.

पाय काय सांगतात? नळी खरोखर अरुंद होऊन मज्जातंतू दाबले जात असतील, तर थोडे चालल्यावर किंवा उभे राहिल्यावर कुल्ल्यापासून पोटऱ्यांपर्यंत दुखते, मुंग्या येतात, पाय जड होतात. बसले किंवा पुढे वाकले की काही मिनिटांत बरे वाटते. सामानाची ट्रॉली ढकलताना किंवा सायकल चालवताना त्रास कमी होतो. टेकडी चढताना फारसे काही होत नाही, उतरताना मात्र पाय बोलू लागतात. याउलट, नुसते उभे राहूनही पोटरीचे दुखणे थांबत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो. मधुमेह असलेल्या व धूम्रपान करणाऱ्या ज्येष्ठांत तो विशेष तपासावा. जांघेत दुखत असेल तर खुब्याचा सांधा पाहावा लागतो.

काही लक्षणांत मात्र विलंब नको. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री झोप मोडणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्यावी. मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे जाऊ नये. ठिसूळ हाडांवर झटका बसला तर ती मोडू शकतात.

अशी लक्षणे नसतील, तर काळजीवाहकांनी चालणे बंद करू नये, ते वाटून द्यावे. दहा मिनिटे सलग जमत नसेल तर चार-चार मिनिटे तीनदा, मध्ये बाकावर विसावा. किंचित पुढे झुकता येईल अशी काठी अथवा वॉकर घेण्यात कमीपणा नाही. घरातील स्थिर सायकल पुष्कळांना मानवते. पोटाचे व मांड्यांचे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांकडून शिकून घ्यावेत. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. तो दिवसभर बांधून ठेवू नये. मोरीत व शौचालयात पकडायला दांडे बसवावेत. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. मूत्रपिंड, जठर व रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर धोका अधिक. शस्त्रक्रियेचा विचार चित्र भयावह आहे म्हणून करू नये. उपचार करूनही चालण्याचे अंतर सतत घटत असेल किंवा पायांची शक्ती जात असेल, तेव्हा तो विचार जरूर करावा.

पुढच्या भेटीपूर्वी एक साधी वही करा. रोज किती मिनिटे चालता आले, थांबावे का लागले, बसल्यावर किती वेळात बरे वाटले, हे दोन आठवडे लिहा आणि अहवालाबरोबर तीही वही डॉक्टरांपुढे ठेवा. अहवालावर हजारो माणसांच्या सरासरीची छाया असते. वहीत मात्र फक्त तुमच्या घरातील आजींची किंवा आजोबांची हकीकत असते, आणि उपचार त्यांच्यावरच करायचे असतात.