चांगला मालक हे उत्तर नाही

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात खोती पद्धतीवर चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला, हे सगळे सांगून झाल्यावर एका तरुणाने विचारले, "पण खोत चांगला असता तर? कुळांना सांभाळणारा, शाळा-दवाखाना काढणारा असता, तर विधेयकाची गरज होती का?"

प्रश्न खोडसाळ नव्हता. आपल्या पोरांच्या मोबाईलवर रोज कुठल्या तरी अब्जाधीशाचे कौतुक येऊन पडते. सरकार काही करत नाही, निदान हा माणूस करतो तरी, असे त्यांना मनापासून वाटते. म्हणून आम्ही त्या तरुणाला प्रशांत महासागरातल्या एका बेटाची माहिती दिली. तिथे हा 'चांगल्या मालका'चा प्रयोग आज प्रत्यक्ष चालू आहे.

बेटाचे नाव लानाई. अमेरिकेच्या हवाई राज्यातले हे बेट सुमारे ३६४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडे लहान. लोकवस्ती तीन हजारांच्या थोडी वर, गाव एकच, लानाई सिटी. २०१२ मध्ये ओरॅकल या संगणक कंपनीचे एक संस्थापक लॅरी एलिसन यांनी या बेटाची सुमारे ९८ टक्के जमीन विकत घेतली. किंमत सुमारे ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले जाते. जमिनीबरोबर दोन आलिशान हॉटेले आली, गावातली बरीच घरे आली, दुकानांच्या बहुतेक जागा आल्या आणि पाणीपुरवठा करणारी कंपनीही आली. या सगळ्याचा कारभार 'पुलामा लानाई' ही मालकाची कंपनी पाहते. हॉटेलात एका रात्रीचे भाडे हजार डॉलरच्या वर आहे. त्याच हॉटेलात खोल्या आवरणारी बाई, बागेत राबणारा माळी आणि स्वयंपाकघरातला आचारी याच गावात राहतात.

आता मालकाच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. त्यांच्या काळात गावचा पोहण्याचा तलाव दुरुस्त झाला, बंद पडलेले सिनेमागृह पुन्हा सुरू झाले, हरितगृहात भाजीपाला पिकवण्याचा उद्योग उभा राहिला, शेकडो लोकांना काम मिळाले. हे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एवढी जमीन एका माणसाच्या हातात आली कशी, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येणार नाही.

हवाईच्या जुन्या व्यवस्थेत जमीन विकण्या-विकत घेण्याची वस्तू नव्हती. १८४८ च्या 'महेले' नावाच्या वाटणीने ती खाजगी मालमत्ता झाली. जमीन राजा, सरदार आणि सरकार यांच्यात वाटली गेली. कसणाऱ्या सामान्य लोकांच्या पदरात एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन पडली. दावा दाखल करा, मोजणी करून घ्या, साक्षीदार आणा, ही कागदी वाट त्यांना परकी होती. सातबारा नावावर नसल्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली गायरान जमीन 'अतिक्रमण' ठरलेली आपल्या लोकांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १८५० मध्ये परदेशी लोकांनाही जमीन घेण्याची मुभा मिळाली. १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि बागायतदारांनी अमेरिकी नौसैनिकांच्या आडून राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई गिळले.

लानाईवर तर आरंभ धर्माच्या नावानेच झाला. वॉल्टर मरे गिब्सन हा मॉर्मन पंथाचा प्रचारक १८६१ मध्ये हवाईत आला. अनुयायांच्या पैशातून त्याने लानाईवर जमीन घेतली, पण स्वतःच्या नावावर. १८६४ मध्ये पंथाने त्याला बहिष्कृत केले, तरी जमीन त्याच्याकडेच राहिली. पुढे बेट हातोहात फिरले. १९२२ मध्ये जेम्स डोल यांच्या अननस कंपनीने ते ११ लाख डॉलरला घेतले आणि जगातला सर्वांत मोठा अननसाचा मळा उभा केला. १९८५ मध्ये डेव्हिड मर्डॉक आले, त्यांनी हॉटेले बांधली. १९९२ मध्ये अननसाची शेवटची तोडणी झाली आणि मळ्यावरचा मजूर हॉटेलचा नोकर झाला. मग एलिसन. शंभर वर्षांत मालक बदलले, धंदा बदलला. जमिनीचा मालक एक आणि राबणारे त्याच्यावर अवलंबून, ही रचना मात्र तशीच राहिली.

इथे आपल्या काही मित्रांना मोह होईल की गोरे येण्यापूर्वीचा हवाई म्हणजे स्वर्ग होता असे मानावे. आपण फुले-आंबेडकरांचे वाचक आहोत, आपल्याला तसे मानता येणार नाही. जुन्या हवाईत 'कापू' नावाची निषेधांची कडक व्यवस्था होती. स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचे नाही, त्यांनी केळी खायची नाहीत, मोडल्यास मृत्युदंड. 'काउवा' नावाचा एक बहिष्कृत वर्ग होता. त्याने वेगळे राहायचे, इतरांत मिसळायचे नाही, आणि देवळात नरबळी लागला तर तो त्याच्यातून घेतला जाई. ही कापू व्यवस्था १८१९ मध्ये मोडली. ती मोडण्याची खूण काय होती? तरुण राजा दुसरा कामेहामेहा राजघराण्यातल्या स्त्रियांच्या पंक्तीला जाहीरपणे जेवायला बसला. सहभोजनाने धर्माचा निर्बंध मोडला! म्हणजे जन्माने लादलेले बंधन तिथल्या समाजाने स्वतः तोडले, आणि पुढच्या तीस वर्षांत मालमत्तेचे नवे बंधन त्याच्या गळ्यात पडले. एक गुलामी गेली म्हणून दुसरी आपोआप अडत नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. मालक चांगला असेल तर बिघडले काय?

समजा, लानाईवरच्या एका हॉटेल कामगाराला मालकाचा एखादा निर्णय पटला नाही. त्याची नोकरी मालकाकडे, कदाचित घरही मालकाचे. भाऊ दुकान चालवतो, त्या दुकानाची जागा मालकाची. जाहीर सुनावणीत उभे राहून 'नाही' म्हणण्यापूर्वी तो किती वेळा विचार करेल? त्याला कोणी धमकी दिलेली नाही. धमकीची गरजच उरलेली नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आहे. सरकारने हात आखडला की स्वातंत्र्य मिळते ते जमीनदाराला भाडे वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे. ज्याला सरकारपासून मुक्ती म्हणतात ती खाजगी मालकाची हुकूमशाही असते. पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेला माणूस आपले मूलभूत हक्क वापरू शकत नाही, असे ते सांगतात. म्हणूनच त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसणाऱ्यांच्या गटांना द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहू नयेत, अशी मागणी केली.

लानाईच्या माणसाला मत आहे. तो माऊई काउंटीच्या निवडणुकीत मतदान करतो. पण गावातले दुकान चालू राहील की बंद होईल, घरे कोणाला मिळतील, हॉटेल दुरुस्तीसाठी किती महिने बंद राहील, हे ठरवणाऱ्याला तो निवडत नाही. तलाव दुरुस्त झाला ही चांगली गोष्ट. पण तो हक्क म्हणून मागता येत नसेल, तर ते दान आहे, आणि दान देणाऱ्याचे मन बदलले, धंदा बुडाला किंवा त्याने बेट विकले की ते संपते. मालक चांगला निघणे हे रहिवाशांच्या नशिबावर सोडलेले आहे. नशिबावर सोडलेली व्यवस्था आपण का मान्य करावी?

पाण्याचेच पाहा. मानेले इथल्या हॉटेलच्या गोल्फ मैदानासाठी बेटाच्या उंच भागातले भूजल वापरायचे की नाही, यावरून १९९० च्या दशकापासून जवळजवळ तीस वर्षे आयोगात आणि न्यायालयांत वाद चालला. पाऊस कमी असलेल्या बेटावर पाणी कोणासाठी, हा प्रश्न मूठभर रहिवाशांनी नेटाने लावून धरला. चवदार तळ्याच्या वारसांना त्या चिकाटीची किंमत कळते.

आणि लानाईचे लोक मुकाट बसलेले नव्हते. हवाईच्या मळ्यांत मजुरांना वंशानुसार वेगळ्या वस्त्यांत ठेवत, जपानी आणि फिलिपिनो मजुरांना वेगवेगळी मजुरी देत, एकाचा संप दुसऱ्याला आणून मोडत. जात ही श्रमिकांची विभागणी आहे हे बाबासाहेबांचे म्हणणे समजायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. ती विभागणी ओलांडून हे मजूर एका युनियनमध्ये आले. १९५१ मध्ये इतर बेटांवरच्या कामगारांनी कंपनीचा करार स्वीकारला असताना लानाईच्या अननस कामगारांनी तो नाकारला आणि २०१ दिवस संप केला. फळे शेतात सडली. घर, जमीन, गाव कंपनीचे असतानाही ते हटले नाहीत आणि मजुरीवाढ घेऊनच कामावर गेले. आज त्याच युनियनमध्ये हॉटेलचे कामगार आहेत.

कायद्यानेही जमिनीची मक्तेदारी मोडता येते, हे हवाईनेच दाखवले. १९६० च्या दशकात राज्याची ४७ टक्के जमीन फक्त ७२ खाजगी मालकांकडे होती. १९६७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांना घराखालची जमीन विकत घेण्याचा मार्ग दिला आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने वैध ठरवला. पण त्याचा फायदा मुख्यतः होनोलुलूच्या खाऊनपिऊन सुखी घरमालकांना झाला. आणि ज्या मोठ्या मालकाची जमीन गेली ती होती मूळ हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठीची न्यासाची जमीन. जमीन सुधारणा कोणाच्या हातून आणि कोणासाठी होते, हे न पाहिल्यास सुधारणेचा लाभही वरच्यांनाच जातो.

अभ्यासवर्गातल्या त्या मित्राला आम्ही शेवटी एवढेच म्हणालो: खोत चांगला असता तरी बाबासाहेबांनी विधेयक आणले असते, कारण विधेयक खोताच्या स्वभावाविरुद्ध नव्हते, खोतीविरुद्ध होते. उद्या कोकणात किंवा सह्याद्रीत एखादा मोठा पर्यटन प्रकल्प आला आणि गावात "मालक देवमाणूस आहे" असे सांगणारे फिरू लागले, तर मालकाच्या स्वभावाची चौकशी करत बसू नका. जमीन कोणाच्या नावावर राहणार, पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, काम सोडले तर घर सुटणार का, आणि ग्रामसभेत 'नाही' म्हणणाऱ्याचे काय होणार, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मागा. जय भीम!