धडा घरी, गणितं वर्गात

गणिताच्या तासाला फळ्यावरचं सगळं समजतं. सरांनी सोडवलेलं उदाहरण वहीत उतरतं. आणि रात्री स्वाध्याय उघडला की दुसऱ्याच गणितापाशी गाडी अडते. तेव्हा विचारायचं कुणाला? ज्याच्या घरी शिकलेली ताई आहे किंवा शिकवणीची फी भरायची ऐपत आहे, त्याचं निभतं. बाकीचे सकाळी कुणाची तरी वही उतरवून काढतात. म्हणजे ऐकण्याचं सोपं काम शिक्षकांसमोर आणि सोडवण्याचं अवघड काम एकट्याने! ही वाटणी उलटी करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणजे हीच उलटापालट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. धडा घरी पाहून झाला, तर वर्गातला वेळ सरावाला मोकळा मिळतो, हे त्यातूनच पुढे आलं.

दहावीचं वर्गसमीकरण घ्या. अवयव पाडण्याची रीत दहा मिनिटांच्या व्हिडिओत समजते, हवी तर पुन्हा पाहता येते. पण ‘दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार १८२ आहे, ते शोधा’ या वाक्यातून क्ष(क्ष + १) = १८२ हे समीकरण मांडताना मुलं अडतात. उत्तरं येतात १३ आणि –१४. मग सवयीने ऋण उत्तर खोडलं जातं. का खोडायचं? –१४ आणि –१३ यांचाही गुणाकार १८२ च! लांबी-रुंदीचं गणित असतं तर खोडणं बरोबर होतं. हा वाद चौघांनी मिळून वर्गात, सरांच्या समोर घालायचा असतो.

‘मोबाईल कुठून आणायचा?’ हा प्रश्न खरा आहे. घरात एकच फोन, तोही बाबांबरोबर कामावर. अशा मुलांना तोच धडा एका पानावर छापून द्यावा. व्हिडिओच हवा असं काही नाही. आपल्या सीमाभागात भाषेचाही प्रश्न आहे. नेटवरचा इंग्रजी व्हिडिओ पाहताना ‘फॅक्टर’ म्हणजेच आपले ‘अवयव’ हे सांगायला शेजारी कुणी नसतं. म्हणून धडा आपल्याच शिक्षकांच्या आवाजात, आपल्या मराठीत हवा.

आणि कुणी न बघताच आलं तर? त्याला मागच्या बाकावर ते पान वाचायला द्यावं. सगळा धडा फळ्यावर पुन्हा घेतला, तर दुसऱ्या दिवसापासून कुणीच बघून येणार नाही.

पोर्शन संपवायची घाई शिक्षकांना असतेच, म्हणून सगळं पुस्तक नको. सत्रात एक प्रकरण तरी असं शिकवून बघावं. आपल्यातले बरेच जण शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यांना तर परवानगीचीही गरज नाही. पुढच्या आठवड्यात एका धड्याचं पान आधी द्या, आणि तासाला खडू मुलांच्या हातात द्या.