वाटी भरलेली, पाखरू उपाशी

शेजारचे कुटुंब मे महिन्यात कायमचे गावी राहायला गेले. जाताना आपल्या दोन लव्हबर्डपैकी एक ते आमच्या धाकट्याला देऊन गेले. दुसरे त्यांच्या मुलीने काही केल्या सोडले नाही. पिंजरा दिला, पावशेर राळा दिला आणि वर सांगितले, "दाणे टाकले की झाले भाऊ, काही त्रास नाही."

त्रास दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाला. पाखरू दांडीच्या टोकाला, भिंतीकडे सरकून बसले. ना आवाज, ना हालचाल. पोरगा जवळ गेला की अंग आक्रसून काडीसारखे बारीक होई. रात्री दोनच्या सुमारास एकाएकी पिंजऱ्यात थडाथडा आपटू लागले. आमची आई म्हणाली, "कुणाची तरी दृष्ट लागली." पत्नी म्हणाली, "परत देऊन टाका." परत कुणाला देणार? तिसऱ्या दिवशी पोराने स्वतःचे जेवणही टाकले, तेव्हा मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा काढली आणि पिंजऱ्यावर जुने लुगडे टाकून पशुवैद्यकीय दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "खातो का?" मी म्हणालो, "साहेब, वाटी भरलेली आहे." त्यांनी वाटी काढली आणि नुसती फुंकर मारली. फोलपटे उडाली. तळाशी चार दाणे! हा पक्षी दाणा चोचीत सोलतो आणि टरफल तिथेच टाकतो. वरून पाहणाऱ्याला वाटी भरलेलीच दिसते. आम्ही तीन दिवस ती भरली नव्हती. विष्ठाही थोडी आणि गडद हिरवी पडत होती, ती उपासाची खूण. ३०-४० ग्रॅमचा जीव, त्याला एक दिवसाचा उपासही भारी पडतो. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला. पण इथली शिल्लक मी वरवर पाहूनच बरोबर धरली होती. तेव्हापासून रोज सकाळी फुंकर मारणे आणि पाणी बदलणे हे काम धाकट्याकडे आहे.

बाकीच्या गोष्टी मग डॉक्टरांनी उलगडून सांगितल्या. आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो बहुधा बजरीगर असतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडात नेला. मूळ रंग हिरवा-पिवळा; निळे, पांढरे माणसाने पैदाशीतून काढले. (आपला देशी पोपट मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्याने घरी ठेवता येत नाही, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही.) कोरड्या माळावर थव्याने फिरणारी ही जात. थव्यातून तुटलेले पाखरू ससाण्याच्या भीतीने गप्प बसते. आमच्याकडे आलेला तर जोडीदारापासून तुटून आलेला. नव्या घरात आठ-पंधरा दिवस असे चालायचेच. पिंजरा भिंतीला लावून डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, जवळ बसून हळू बोलावे, हात घालू नये. रात्रीची धडपड म्हणजे अंधारात दचकणे; मांजर किंवा गाडीच्या दिव्याचा झोत पुरतो. आम्ही शून्याचा दिवा चालू ठेवू लागलो आणि ती थांबली.

महिन्याभरात नवी तऱ्हा. झोपताना चोचीतून करकर आवाज. पोराला वाटले, थंडी वाजून दात वाजतात! तर ती समाधानाची खूण निघाली. आरशापुढे मान वरखाली करून दाणे ओकू लागला, तेव्हा पुन्हा घाबरगुंडी. पण तो स्वतःच्याच प्रतिबिंबाला जोडीदार समजून भरवत होता. आरसा काढून टाकला. खरी ओकारी निराळी असते. त्यात पाखरू डोके झटकते, ओकलेले इकडेतिकडे उडते, डोक्यावरची पिसे ओली चिकट होतात. तसे झाले, किंवा पाखरू दिवसभर पिसे फुगवून बसले, श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलू लागले, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून बसले, तर वाट पाहू नये. ही जात दुखणे लपवते. ते दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

धुराचे काय करावे, हा आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न. एका खोलीच्या घरात स्वयंपाकघर वेगळे कुठले? फोडणीच्या वेळी आम्ही पिंजरा गॅलरीत नेतो आणि कावळ्यामांजरांसाठी आई राखणीला बसते. नॉनस्टिकचे भांडे फार तापले तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो, म्हणून पत्नी भाकरीचा लोखंडी तवाच वापरते.

पिंजरा मला आवडत नाही, हे खरे सांगतो. सोडून द्यावे असेही मनात आले. पण इथे त्याला दाणापाणी शोधता येणार नाही आणि कावळे संध्याकाळ होऊ देणार नाहीत. त्याला हवा आहे जोडीदार. डॉक्टर म्हणतात, नवे पाखरू आणले तर पहिला महिना वेगळ्या पिंजऱ्यात, शक्य तितके दूर ठेवा, रोग असल्यास कळेल. तो दुसरा पिंजरा ठेवायचा कुठे, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.