किराणा माझा, कर्ज त्यांचं, सातबारा कुणाचा?

परवा आमच्या बचत गटाची मीटिंग होती. दहा वर्षांपासून गटाचं वहीखातं मीच लिहिते, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते कुणी सांगो न सांगो, मला वहीवरून कळतं. एक ताई हप्ता न देताच उठायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "यांनी घेतले. खताच्या दुकानाचा माणूस दारात बसला होता." हप्ता कशाचा? त्यांच्या नावावरच्या ४० हजारांचा. कर्ज कशासाठी उचललं होतं? वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'शेळीपालन'. शेळी मी अजून पाहिलेली नाही.

तेवढ्यात एक म्हातारी आजी बोलल्या, "नवरा-बायकोत कसलं आलं तुझं-माझं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येईपर्यंत मला माझाच राग आला, म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तर वाचा.

मला ते वाक्य आता ऐकवत नाही. 'संसारात तुझं-माझं नसतं' हे आपल्याकडे नेमकं कधी ऐकू येतं ते आठवून बघा. बाईचा पैसा घ्यायचा असतो तेव्हा, नाहीतर नवऱ्याचं कर्ज फेडायचं असतं तेव्हा. सातबाऱ्यावर नाव लावायचा विषय काढा, लगेच तुझं-माझं सुरू होतं. भाऊ काय म्हणतील, आई काय म्हणेल, कागद कशाला खराब करायचा.

दुसऱ्याचं कशाला सांगू, माझंच सांगते. यांना विचारूनच लिहितेय. म्हणाले, आकडे घाल, फक्त मित्राचं नाव घालू नको.

आमची तीन एकर आहे. मिरची, मका, थोडा कपाशीचा तुकडा. हे शेती करून भाड्याच्या गाडीवर जातात. वर्षाचं सगळं धरून, खर्च वजा जाता यांचे महिन्याला १५ हजार पडतात. मी ब्लाऊज-ड्रेस शिवते, माझे साधारण ९ हजार. लग्न झाल्यापासून मला एकच कर्ज माहीत होतं, सोसायटीचं पीककर्ज, १ लाख २० हजार. चार वर्षांपूर्वी एक दिवस दारात फायनान्सचा माणूस आला तेव्हा बाकीचं कळलं. मित्राच्या पिकअपला हे जामीनदार राहिलेले, मित्र हप्ते सोडून बसलेला, ते १ लाख ४० हजार. नणंदेच्या लग्नात घेतलेले हातउसने ८० हजार. कृषी केंद्राची उधारी ३५ हजार. बेरीज करा, ३ लाख ७५ हजार. मी रडले नाही. पाटीवर हिशोब लिहिला आणि दोन दिवस बोलले नाही.

मग घरात जे ठरलं ते सिल्लोड तालुक्यातल्या शंभरातल्या नव्वद घरांत ठरतं, असं मी अंदाजाने म्हणते. 'तू घर चालव, मी कर्ज फेडतो.' ऐकायला किती बरं वाटतं! माझे ९ हजार किराणा, गॅस, दूध, लेकरांची फी, सासूबाईंच्या गोळ्या यात जायला लागले. यांचे पैसे हप्त्यात, आणि उरले तर वरखर्चाला.

यात खोट कुठे आहे हे मला दोन वर्षं कळलंच नाही. हप्ता भरला की पावती मिळते. एक एक पावती जमा होते, कर्ज संपतं आणि शेवटी जमीन मोकळी होते. जमीन कुणाच्या नावावर? यांच्या. तेलाच्या पिशवीची पावती कोण जपून ठेवतं? माझा पैसा आम्ही खाल्ला, यांचा पैसा कागदावर चढला. दोघांनी सारखंच राबून एकाकडे मोकळा सातबारा आणि दुसऱ्याकडे रिकामा पिठाचा डबा. महिन्याला ९ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार, चार वर्षांचे ४ लाख ३२ हजार. अख्ख्या कर्जापेक्षा जास्त! हे घरात टाकले नसते तर यांना एक हप्ता भरता आला असता का? तरी गावात नाव काय, तर "गड्याने एकट्याने कर्ज फेडलं."

आता दादा लोक म्हणतील, ताई, कर्ज घरासाठीच होतं ना. काही होतं, काही नव्हतं, आणि ते वेगळं काढायलाच हवं. सोसायटीचं कर्ज आणि कृषी केंद्राची उधारी शेतीची होती. शेत आम्हा सगळ्यांना खाऊ घालतं, ते देणं दोघांचं, मला मान्य आहे. पण मित्राच्या गाडीला जामीन राहताना मला विचारलं नव्हतं. ती सही दोस्तीची होती, तर ती यांच्या वाट्याची. आणि नणंदेच्या लग्नाचं म्हणाल तर ते यांचं आणि मोठ्या दिरांचं, निम्मं-निम्मं. दीर वेगळे निघाले तेव्हा भांडी मोजून घेतली, कर्ज मात्र मोजलं नाही. (दीर हे वाचतील. वाचू द्या.)

माझंही तसंच. ओव्हरलॉक मशीनसाठी मी गटातून ३० हजार घेतले, ते मी माझ्या शिलाईतून फेडले. यांच्याकडे मागितले नाहीत.

घरखर्चाचं आम्ही शेवटी कमाईच्या प्रमाणात ठरवलं. घराला महिन्याला १४ हजार लागतात. निम्मे-निम्मे केले तर ७ हजार माझे जातात आणि हातात २ उरतात, यांच्याकडे ८ उरतात. दिसायला सारखं आहे, पण बरोबर नाही. कमाई ३ ला ५ आहे, म्हणून मी ५,२५० टाकते, हे ८,७५०. माझ्याकडे ३,७५० उरतात, यांच्याकडे ६,२५०. शेतीचं देणं दोघांच्या उरलेल्यातून त्याच प्रमाणात जातं, मित्राचं फक्त यांच्या उरलेल्यातून. माझ्या खात्यावर दर महिन्याला हजार रुपये राहतात, त्याला कुणी हात लावायचा नाही. शेतीत पगार नसतो, मिरचीचा भाव एका आठवड्यात अर्ध्यावर येतो, मग गाडी रुळावरून उतरते. तेव्हा वही पुन्हा मांडायची. दोनदा मांडलीय. एकदा भांडून.

सोन्याचं तर बोलायलाच नको. "गहाण ठेवू, मिरची आली की सोडवू." किती जणींची पोत सुटली? सुप्रीम कोर्टात २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळच्या एका बाईचा निकाल लागला, माया गोपीनाथन विरुद्ध अनूप. लग्नात तिला ८९ पवन सोनं दिलेलं. नवऱ्याने पहिल्याच रात्री 'सांभाळून ठेवतो' म्हणून ते आपल्या आईकडे दिलं आणि ते त्यांच्या आधीच्या देण्यात गेलं, असं तिचं म्हणणं होतं. कोर्टाने तिला २५ लाख द्यायला लावले. स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीत नवऱ्याने वापरलं तर ते परत करायची जबाबदारी त्याच्यावर राहते. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून कोर्ट हेच सांगतंय. माझी दोन तोळ्यांची पोत कृषी केंद्राच्या उधारीत गेली. ती मी आमच्या हिशोबात 'देणं' म्हणून लिहून ठेवलीय, यांच्या नावापुढे.

आणि एक नवीन खेळ सुरू झालाय. नवऱ्याची पत संपली की बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्स. पैसा त्याच्या देण्यात जातो, सही तिची, वसुलीवाला तिच्या दारात. नवऱ्याच्या कर्जाला बायको आपोआप बांधील नसते, पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की बँक थेट तिच्याकडे येऊ शकते. तायांनो, सही करण्याआधी कागद वाचा, नाहीतर शिकलेल्या लेकराकडून वाचून घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आणि मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. आमच्या गल्लीत हे किती पाळलं जातं ते तुम्हाला माहीतच आहे.

लाडकी बहीणचे पहिले पैसे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आले, तेव्हा काही बँकांनी ते कर्जात वळते केले. सरकारला सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. बँकेला सांगितलं ते बरंच झालं. पण दुपारी पैसे जमा आणि संध्याकाळी "आण इकडे, उधारीवाला बसलाय" म्हणणाऱ्या घरातल्या बँकेला कोण सांगणार?

मला ठाऊक आहे, आता सगळ्यात जड मुद्दा येणार. "बाईने हिशोब मागून गड्याला घोर लावला आणि त्याने काही बरंवाईट केलं तर?" आपण मराठवाड्यात राहतो, हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या माहेरच्या गावात दोन घरं अशी आहेत. पण तिथे काय झालं होतं? दोन्ही घरांत बायकोला कर्जाचा खरा आकडा तेराव्यानंतर कळला. सावकाराची माणसं दुखवट्याला आली तेव्हा. सरकारची मदत १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. तेही कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर. शेकडा पाच रुपये महिन्याने घेतलेले हातउसने, म्हणजे वर्षाला ६० टक्के, ते कागदावर नसतात. त्यामुळे ते मदतीतही नसतात आणि बाईच्या दारातून हटतही नाहीत. माणूस हिशोबाने मरत नाही हो. सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवून, घरात हसून दाखवून तो आतून संपतो. त्या दिवशी पाटीवर ३,७५,००० लिहिल्यावर हे पहिल्यांदा रात्रभर झोपले, असं यांनीच मला नंतर सांगितलं.

हे काही मी शहरातून शिकून आलेलं खूळ नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेने बायांचं अधिवेशन भरवलं होतं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन काढलं. सरकारकडे कर्जमुक्ती मागतोस ना, मग आधी घरातल्या लक्ष्मीचं देणं फेड, तिच्या नावावर जमीन कर, असा त्याचा अर्थ. गावोगाव शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही त्याच नावाची योजना आणली, नवऱ्याने अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. कर्जमाफीसाठी आपण रस्ता अडवतो. २०१७ च्या माफीत कुटुंब धरून दीड लाखाची मर्यादा होती, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान लेकरं. म्हणजे माफी द्यायची वेळ आली की बायको कुटुंबात मोजतात. जमिनीच्या वेळी का नाही?

मी यांना तेच म्हटलं, "अहो, शेतीचं कर्ज मी पण फेडतेय ना, मग शेतावर माझं नाव लागू द्या." हे चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "आईला मी सांगतो, तू मध्ये बोलू नको." सासूबाई रागावल्यात, दोन वेळचं जेवण बाजूला घेऊन बसतात. अर्ज लिहून तयार आहे, सही राहिलीय.

त्या ताईंचा हप्ता गटाने या महिन्यापुरता पुढे ढकललाय. पुढच्या मीटिंगला नवऱ्याला सोबत घेऊन या आणि सगळी उधारी कागदावर लिहून आणा, असं सांगितलंय. मी वहीत 'शेळीपालन' खोडून 'खताची उधारी' लिहिलंय. अध्यक्षबाई म्हणाल्या, वही खराब झाली. झाली तर झाली.