कारणाचा रकाना

बचत गटाच्या नोंदवहीत एक रकाना असतो: कर्जाचे कारण. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागते. त्या परिसरातल्या वाड्यांवर हा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर त्यात काय येईल? तांदूळ. दवाखाना. भाताच्या आवणीची मजुरी. मागचे देणे. नेमकी हीच कारणे वरून आलेल्या माणसाला पटत नाहीत. त्याला शेळी हवी असते, शिलाई यंत्र हवे असते, पापडाचा उद्योग हवा असतो. कर्ज उत्पादक कामालाच घ्या, हे इतक्या वेळा ऐकवले जाते की बाई शेवटी शेळी लिहिते आणि तांदूळ आणते.

तिला असे खोटे लिहायला लावू नये. या पट्ट्यात तांदळासाठी घेतलेल्या कर्जाइतके उत्पादक कर्ज दुसरे नाही.

आवणी उरकली की हाताला काम नसते. घरातला दाणा संपत आलेला असतो आणि नवे भात अजून शेतात उभे असते. याच दिवसांत वीटभट्टीची उचल वाड्यावस्त्यांवर फिरते. गणपतीच्या सुमारास काही हजार अंगावर घेतले की दिवाळीनंतर कातकरी आदिवासी जोडपे मुलाबाळांसकट भट्टीवर. भिवंडी, कल्याण, शहापूर, जिथला मालक असेल तिथे. काम हजार विटांवर मोजायचे, आठवड्याला खर्ची घ्यायची आणि हिशेब पाऊस तोंडावर आला की. तोही मालकाच्या वहीतला. बाकी निघाली तर पुढचा हंगामही त्याचाच. कर्जापोटी माणूस बांधून घेणे १९७६च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण रिकामा डबा कायदा वाचत नाही.

गटाचे कर्ज इथे आडवे येते. दोन हजार रुपये, शेकडा दोनच्या दराने महिन्याला चाळीस रुपये व्याज. ते व्याजही गटातच राहते. उचलीला व्याज नसते असे सांगतात. पण मुलाचे शाळेचे वर्ष बुडते, ते कोणत्या खात्यात धरायचे? शिवाय उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि ती फेडायला राबतात दोघे. गटातले कर्ज बाईच्या नावावर असते. किती घ्यायचे, कशाला घ्यायचे आणि कधी फेडायचे, यावर तिचे तोंड उघडते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी या लहान रकमेच्या बाजूने उभा राहीन.

आणि नियम तिच्या आड येत नाहीत. नाबार्डने १९९२मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आतले कर्ज कोणाला व कशासाठी द्यायचे हे गटाने ठरवायचे आहे. २००८-०९च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की गटातल्या बायकांची सगळी गरज भागवा: उत्पन्नाचे काम, घर, शिक्षण, लग्न, इतकेच नव्हे तर जुने कर्ज फेडणेही. पावसाळ्यातले पोट ही कर्जाची गरज आहे, हे राज्य सरकारने तर १९७८मध्येच मान्य केले. आदिवासींसाठीची खावटी कर्ज योजना तेव्हा सुरू झाली. मग बाईने तीच गरज गटाच्या वहीत लिहिली की तोंड वाकडे का व्हावे?

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. गटाची पत पाहताना पहिली कसोटी नियमित बैठकीची. मग बचत, आतले कर्ज, परतफेड, लेखे. ज्या गटातल्या बायका दिवाळी ते पाऊस भट्टीवर असतात, त्यांची बैठक भरणार कशी? म्हणजे उचलीत अडकलेल्या बायकांचाच गट पहिल्या कसोटीत मागे पडतो. बँकेपर्यंत पोहोचतात त्या गावात वर्षभर राहू शकणाऱ्या. ज्यांच्यासाठी कर्ज सर्वांत मोलाचे, त्या दाराबाहेर.

बचत गटांसाठीच्या उमेद अभियानाने आणि मुरबाड-शहापूरच्या बँकांनी स्थलांतर करणाऱ्या बायकांच्या गटांची पत त्या गावात असतात त्या महिन्यांवर जोखावी. भट्टीवर गेलेल्या बाईची गैरहजेरी तिच्या विरोधात लिहू नये. आणि पैसा गणपतीच्या आधी हातात पडावा. उचल वाटणारा मुकादम वाडीवर येऊन गेल्यानंतर मंजूर झालेले कर्ज कितीही स्वस्त असले तरी त्या वर्षापुरते वाया गेलेले असते.