बंदुकीनंतरची शाळा

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या खासबागेतली पोरं दारोदारी मातीचे किल्ले उभारतात, बुरुजांवर मावळे मांडतात. बेळगाव तसं फौजेचंच गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथलं, आणि भरतीसाठी पहाटे धावणारी मुलंही आपलीच. त्या वर्दीचा आम्हाला अभिमान आहे. ही फौजसुद्धा साडेसतरा वर्षं पुरी झाल्याशिवाय कुणाला घेत नाही आणि १८च्या आधी लढाईवर धाडत नाही.

इश्माएल बीआच्या वाट्याला एवढंही आलं नाही. सिएरा लिओनच्या यादवीत आईवडील आणि भाऊ गमावलेल्या या पोराच्या हाती, त्याच्या सांगण्याप्रमाणे, १३व्या वर्षी सरकारी फौजेनंच एके-४७ दिली. भीती मरावी म्हणून गांजा, गोळ्या, बंदुकीच्या दारूत कालवलेलं कोकेन. १९९६ मध्ये युनिसेफनं त्याला फ्रीटाउनच्या पुनर्वसन केंद्रात आणलं, तेव्हा तिथं आणलेली बालसैनिक मुलं सांभाळणाऱ्यांच्याच अंगावर धावून जायची. मार खाऊनही ती माणसं दुसऱ्या दिवशी कामावर हजर. यात तुझा दोष नाही, असं त्याला पुन्हापुन्हा सांगितलं जाई आणि ते ऐकून तो चिडायचा. पुढं शाळा, अमेरिकेत कॉलेज, २००७ साली आत्मकथन. त्याच वर्षी युनिसेफनं युद्धात होरपळलेल्या मुलांची बाजू मांडायला त्याला नेमलं. आज जग त्याला ऐकतं. आम्हाला मात्र त्या केंद्रातली चिवट माणसं अधिक मोठी वाटतात.

हे परक्या मुलखाचं दुखणं नव्हे. माओवाद्यांच्या बाल संघमांत सहा ते बारा वर्षांची मुलं ओढली गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी नोंदवलं आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ८३वं कलम अशा टोळ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा बातम्यांत हत्यारं आणि बक्षिसांचे आकडे होते. पण कोवळ्या वयात जंगलात गेलेला माणूस आता कोणत्या इयत्तेत बसणार? त्याला अक्षर कोण शिकवणार? ज्या घरचा माणूस मारला गेला, त्या दारावरून तो गावात कसा जाणार? पुनर्वसनाचा पैसा आधी मास्तरांवर आणि समुपदेशकांवर खर्च व्हावा, तोही वर्षानुवर्षं, असं आमचं ठाम मत आहे. यंदाच्या अंकातली शिक्षणाची पानं आम्ही याच प्रश्नांना दिली आहेत.