दोन दिवसांचा समुद्र आणि आईची परवानगी

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळची गोष्ट. मी कुकर उतरवत होते. धाकटी ओट्यापाशी आली आणि मुकाट्यानं कोथिंबीर निवडू लागली. न सांगता मुलगी कोथिंबीर निवडायला बसली की आईनं समजावं, काहीतरी मागणं आहे!

"आई, आम्ही पाचजणी दोन दिवस अलिबागला जाऊ? शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत."

"बरोबर कोण?"

"कोणी नाही. आमच्या आम्हीच."

"मग नाही," मी म्हटलं, आणि कुकरचं झाकण जरा जोरातच आपटलं.

जेवताना ती काही बोलली नाही. ताट उचलताना एवढंच म्हणाली, "दादा बारावीनंतर गणपतीपुळ्याला गेला, तेव्हा तू फक्त 'पोचलास की फोन कर' म्हणाली होतीस."

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. थोरल्याच्या वेळी मी चिवड्याचा डबा भरून दिला होता, आणि शेजारच्या वहिनींना कौतुकानं सांगितलं होतं, "मोठा झाला हो आता!" समुद्र मुलगा-मुलगी बघत नाही. त्याला पोहता येतं का, तिथल्या पाण्याची काही माहिती आहे का, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणजे एकाला न विचारता पाठवलं आणि दुसरीला न विचारता अडवलं. दोन्ही चुकाच.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला विचारलं, बाई गं, तुला भीती नेमकी कसली वाटते? एक माणसांची, दुसरी पाण्याची, आणि तिसरी 'लोक काय म्हणतील' याची. पहिल्या दोन भीतींवर उपाय करता येतात. तिसरीवर उपाय नसतो, आणि तिच्यापायी मुलीला घरी बसवणं मला पटेना. शिवाय नाही म्हटलं म्हणून मुली जायच्या थांबतात असंही नाही. 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' असं सांगून गेलेली मुलगी अडचणीत सापडली, तर ती पहिला फोन आईला करत नाही. मला तो पहिला फोन हवा होता.

'मोठं माणूस बरोबर असलं की झालं,' असं आपण म्हणतो. पण १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा शिक्षक बरोबर होते. कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. सांगायचं एवढंच, की मोठ्या माणसालाही समुद्र कळत नसेल तर त्याच्या सोबतीनं काय होणार? म्हणून सकाळी मी अट घातली. पाचजणींनी सगळा बेत कागदावर लिहून आणायचा, पैशांचा आणि पाण्याचाही. तो पटला तर परवानगी.

पैशांचा कागद

पहिला कागद आला तो पाहून हे खो खो हसले. माणशी २,९०० रुपये! समुद्रासमोरच्या खोल्या, पाण्यातल्या स्कूटरी, रात्री हॉटेलात जेवण. परतीच्या भाड्याचा रकानाच नव्हता! जायला दोन स्कूटर घ्यायचं ठरलं होतं आणि पाचातल्या दोघी अजून अठराच्या आत. हे मात्र मी तिथल्या तिथे खोडलं. २०१९ साली कायदा बदलला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मी म्हटलं, "माणशी पंधराशे. त्यात बसवा." दोन दिवस खाडाखोड चालली, आणि बसवलंनीत की! एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा झाला. जाऊन-येऊन २७० धरले. वाडीतल्या घरगुती सोयीत पाचजणींत एक मोठी खोली, जास्तीच्या गाद्या घालून माणशी ५००. त्याच घरी दोन वेळचं जेवण ४००, चहा-न्याहारी १००, रिक्षा १२०. उरलेले ११० किल्ल्याचं तिकीट, शहाळं आणि गोळ्याला. समुद्रासमोरची खोली आपोआप गळाली. "पाणी बघायला तर बाहेरच जायचंय," हे त्यांचं त्यांनाच सुचलं.

याशिवाय प्रत्येकीजवळ ५०० रुपये वेगळे, आतल्या खिशात पिनेनं टोचून. ते खर्चायचे नाहीत. शेवटची एस.टी. चुकली, कोणी आजारी पडलं, तरच काढायचे. मोबाईलवरून पैसे देता येतात हे खरं, पण बॅटरी संपली किंवा रेंज गेली की वाडीत नोटच कामी येते.

राहण्याची सोय

खोली मुलींनी शोधली, पण पैसे पाठवण्याआधी मी स्वतः फोन केला. घरच्या मालकीणबाईंशी बोलले. पाचजणींची वयं खरी सांगितली. वय लपवून खोली घ्यायची आणि दारात गेल्यावर 'आधार दाखवा' म्हटलं की रस्त्यावर उभं राहायचं, हे नको. अठरा पूर्ण झालेल्या तिघींची ओळखपत्रं दिली, धाकट्या दोघींच्या आयांनी सहीचं पत्र दिलं. दाराला आतून कडी आहे का, संडास-न्हाणी खोलीला लागून आहे का, घरात बायकामाणसं राहतात का, हेही विचारून घेतलं. असं विचारायला आपण उगीच लाजतो. चांगल्या घरची माणसं रागावत नाहीत, उलट निर्धास्त होतात.

फोनच्या वेळा तीनच ठरवल्या: पोचल्यावर, संध्याकाळी सातला आणि झोपताना. दर तासाला फोन करणारी आई कंटाळवाणी होते, मग मुली खोटं बोलतात. ११२ हा पोलिसांच्या मदतीचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मात्र पाठ करून घेतला.

पाण्याचा कागद

या कागदावर मी अडून बसले. दिवस निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. माझे मामा कोकणातले, त्यांनी लहानपणी शिकवलेली रीत सांगते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. रीत ढोबळ आहे. तिथे गेल्यावर कोळ्यांना विचारायचंच, पण बेत आखायला घरबसल्या पुरते.

मुलींचा रविवार चतुर्थीचा निघाला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. म्हणून ठरलं, सकाळी आठला तिथल्या माणसांना विचारून निघायचं आणि दहाला किनाऱ्यावर परत. आत कितीही मजा वाटली तरी भरतीची वाट बघत बसायचं नाही.

बाकीचे नियम वहीच्या पानावर उतरून घ्या, मुलगी असो की मुलगा:

१. पोहता येत असो वा नसो, गुडघ्याच्या वर पाणी नको. तलावातलं पोहणं समुद्रात पुरत नाही.

२. पाणी ओसरत असताना आणि अंधार पडल्यावर पाण्यात पाय नाही.

३. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तिथेच जास्त धोका. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेनं जोरानं परत जातं.

४. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमाल. अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करून ओरडा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग काठाकडे वळा.

५. एकजण नेहमी काठावर बसेल, पाळीपाळीनं. कोणी ओढलं गेलं तर तिनं आत उडी घ्यायची नाही. ओरडून माणसं गोळा करायची, तरंगणारं काही, रिकामा कॅन, बंद बाटल्यांची पिशवी फेकायची.

६. ओढण्या आणि जीनपँट भिजून जड होतात. पाण्यात जायला आखूड सुती कपडे.

७. मेअखेरपासून पावसाळा संपेपर्यंत हा बेतच नको.

डबा आणि पिशवी

दशम्या दुधात भिजवल्या, पाण्याचा थेंब न घालता. दोन दिवस मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओल्या नारळाची देऊ नका, उन्हात आंबते. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, लिंबं, मीठ-साखरेची पुडी. पाळीची तारीख जवळ असो नसो, घड्या बरोबर असू द्याव्यात. अंगाला चिकटलेली वाळू वाळल्यावर टाल्कम पावडर लावून झटकली की सहज सुटते. खारे कपडे आधी गोड्या पाण्यातून काढावे, मगच साबण. नाहीतर फेसच होत नाही.

शनिवारी दुपारी पोचल्याचा फोन आला. सात वाजले, फोन नाही. सव्वासात झाले. मी देवापाशी दिवा लावला, पुन्हा ओट्यापाशी आले, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ह्यांनी पेपर धरला होता, पण पान उलटत नव्हते. सात-पंचवीसला फोन वाजला. "आई, सॉरी, नंतर सांगते."

रविवारी रात्री ती आली. नाक उन्हानं लाल झालेलं, पिशवीत शेरभर वाळू. मग सांगितलं. संध्याकाळी पाणी उतरत होतं. एकीला कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फोटो हवा होता. काठावर बसायची पाळी आमच्या बाईंची. ती उठून आडवी झाली. भांडण झालं. "तू माझ्या आईसारखी करतेस," असं ती मैत्रीण म्हणाली आणि रात्री तिच्याशी बोलली नाही. समजूत काढता काढता सात वाजून गेले.

"मग? अजून अबोला?"

"सकाळी किल्ल्यात बोलली," धाकटी म्हणाली. "पण आई, मला वाईट वाटलं गं. सहल माझ्यामुळे बिघडली असं वाटलं."

मी काही न बोलता तिच्या केसांतली वाळू काढत राहिले. तिनं आतल्या खिशातली पिन सोडवून पाचशेची नोट माझ्या हातावर ठेवली. घडी तशीच होती. ती नोट मी डब्यात टाकली नाही, तिला परत दिली. पुढच्या वेळेला लागेल.

मैत्रिणींनो, तुमची मुलगी उद्या न सांगता कोथिंबीर निवडायला बसली, तर लगेच 'नाही' म्हणू नका, लगेच 'हो'सुद्धा म्हणू नका. तिच्या हाती कागद-पेन्सिल द्या. आणि मुलगा मागायला आला तर त्यालाही तेच द्या.